पैठणीचे ७,००० फोटो: आधीच लहान करून ठेवायचे की मागेल तसे?

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांची वेबसाइट मी सांभाळते. साड्या १,४००, प्रत्येकीचे फोटो ५: अख्खी साडी, पदर, काठ, बुट्टी आणि उलटी बाजू. उलट्या बाजूचा फोटो ही काकांची अट. हातमागाची पैठणी मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत. जाणकार बाई दुकानात आली की पदर आधी उलटा करून बघते. तर झाले ७,००० फोटो. काकांचा पुतण्या ते चांगल्या कॅमेऱ्यावर काढतो, ६००० बाय ४००० पिक्सेल, एकेक सात-आठ एमबीचा. हे जसेच्या तसे साइटवर टाकले तर २४ साड्यांचं एक पान उघडायला गिऱ्हाइकाचा पावणेदोनशे एमबी डेटा उडेल. म्हणजे लहान करावेच लागतात, त्यात वाद नाही. वाद आहे तो कधी करायचे यावर.

एक रस्ता असा: फोटो चढवतानाच लागतील त्या सगळ्या मापांच्या प्रती करून ठेवायच्या. पान मागितलं की सर्व्हर तयार फाइल उचलून देतो, बाकी काही करत नाही. दुसरा रस्ता: मूळ फोटो तेवढा ठेवायचा, आणि कुणी ‘३६० रुंदीचा द्या’ म्हटलं की त्या क्षणी करून द्यायचा. खाणावळीत पोळ्या सकाळीच लाटून डब्यात भरणं आणि ताट वाढल्यावर तव्यावरून उतरवणं, असा फरक. मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हीकडे हात पोळलेत.

आधी मापं घ्या

कुठलाही रस्ता धरा, फोटो किती रुंद लागणार हे पहिलं ठरवायचं. इथे लोक अंदाजाने आकडे घेतात, तसं करू नका. आपल्या पानावर फोटोला जागा किती मिळते ते बघा आणि त्याला पडद्याच्या घनतेने गुणा.

आमच्या यादीच्या पानावर फोनवर दोन-दोन साड्या शेजारी दिसतात. ब्राउझरच्या हिशोबात बहुतेक फोन ३६० ते ४१२ रुंदीचे असतात, म्हणजे एका साडीला १८० च्या आसपास. पण फोनचा पडदा दाट असतो, ब्राउझरच्या एका पिक्सेलमागे खरे दोन किंवा तीन. म्हणून १८० च्या जागेला खरे ३६० किंवा ५४० पिक्सेल लागतात. एकच फोटो फोनभर दाखवला तर ४०० गुणिले ३, म्हणजे १२००. आणि पदरावर बोट ठेवून मोठा करून बघायचा असेल तर २४००, त्याखाली जरीची वीण दिसत नाही. असं करत मी चार मापांवर थांबले: ३६०, ७२०, १२००, २४००. ज्या फोनला ५४० हवेत त्याला ७२० चा जातो. थोडा जास्त जातो, जाऊ दे. प्रत्येक फोनसाठी वेगळं माप करत बसलात तर फाइलींचं जंगल होतं.

मग ब्राउझरला पर्याय सांगायचे. कुठल्या प्रती आहेत आणि कोणाची रुंदी किती, हे इमेज टॅगच्या सोर्ससेटमध्ये. पानावर जागा किती मिळणार, हे साइझेसमध्ये. सोर्ससेट सगळे लिहितात, साइझेस विसरतात. तो नसला की ब्राउझर धरून चालतो की फोटो अख्ख्या पडद्याइतका रुंद आहे, आणि १८० च्या चौकटीसाठी १२०० ची फाइल ओढतो. दोन महिने आमच्याकडे हेच चालू होतं. प्रती सगळ्या होत्या, फायदा शून्य. रुंदी आणि उंचीचे आकडेही टॅगमध्ये लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा धरून ठेवली जाते आणि पान उड्या मारत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचणारा तिथवर सरकला की मगच ते मागवले जातात. पहिल्या ओळीतल्यांना लावू नका, ते उलट उशिरा येतात.

आधीच करून ठेवायचे असतील तर

दोन साधनं पुरतात. इमेजमॅजिक १९९० पासून आहे आणि जवळपास प्रत्येक होस्टिंगवर सापडतं. दुसरं व्हिप्स. तेही त्याच काळातलं, युरोपात जुन्या पेंटिंगांच्या अवाढव्य स्कॅनसाठी लिहायला घेतलेलं. अख्खा फोटो मेमरीत न घेता पट्ट्या-पट्ट्यांनी पुढे सरकायची त्याची रीत आहे, म्हणून ते कमी मेमरीत आणि झपाट्याने काम उरकतं. नोडवर (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) काम करणाऱ्यांना ‘शार्प’ हे साधन माहीत असेल, त्याच्या पोटात हेच व्हिप्स आहे. इमेजमॅजिकने माझ्या सर्व्हरवर एका फोटोला सेकंदाच्या वर लागायचं. व्हिप्सने तेवढ्यात चार-पाच होतात. नव्याने सुरू करत असाल तर सरळ व्हिप्स घ्या. त्याची ‘व्हिप्सथंबनेल’ ही कमांड नेमकी याच कामाची आहे.

इमेजमॅजिकच घ्यायचं असेल तर एक गोष्ट आधी ऐका. त्यात दोन कमांड जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. ‘कन्व्हर्ट’, जिला नव्या आवृत्तीत ‘मॅजिक’ म्हणतात, ती एक फाइल घेऊन दुसरी बनवते. ‘मॉग्रिफाय’ अख्ख्या फोल्डरवर चालते, आणि निकाल कुठे ठेवायचा तो ‘पाथ’ सांगितला नाही तर मूळ फाइलवरच लिहिते. विचारत नाही. रात्री साडेअकराला मी मुनिया काठाच्या ३४० फोटोंवर ती चालवली. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं नाही, प्रॉम्प्ट परत आला, मी खूश होऊन झोपले. सकाळी पाहते तर मूळ फोटोच ३६० रुंदीचे! पुतण्याच्या कार्डावर २९० सापडले. उरलेल्या ५० पैकी निम्म्या साड्या विकून गेल्या होत्या, त्यांचे फोटो परत कुठून काढणार? काका एवढंच म्हणाले, “जाऊ द्या ताई, विकल्या गेल्या म्हणजे चांगलंच की.” तेव्हापासून मूळ फोटोंचं फोल्डर वेगळ्या युझरच्या नावावर आहे. प्रती करणारा प्रोग्रॅम ते वाचू शकतो, त्यात लिहू शकत नाही. हे आजच करा, बाकीचा लेख नंतर वाचा.

आता कामाचा क्रम, कारण क्रम चुकला की निकाल चुकतो. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा फिरवलेला नसतोच; ‘हा फिरवून दाखवा’ अशी चिठ्ठी फाइलीत असते. म्हणून सगळ्यात आधी ऑटो-ओरिएंट, म्हणजे फोटो खरोखर फिरवून घ्यायचा. चिठ्ठी आधी काढून टाकली तर साडी आडवी झोपते. त्यानंतर रंग. २०१६ च्या आयफोन ७ पासून आयफोनचे फोटो साध्या एसआरजीबीपेक्षा (वेबवरची नेहमीची रंगपट्टी) रुंद रंगपट्टीत येतात आणि ती कुठली पट्टी हे प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं. ते प्रोफाइल नुसतं खरवडून काढलं तर ब्राउझर फोटोला साधा समजतो आणि राणी रंग धुतल्यासारखा फिका पडतो. आधी एसआरजीबीत बदलून घ्या, मग प्रोफाइल काढा. शार्प हे आपणहून करतं. इमेजमॅजिकच्या ‘स्ट्रिप’ला मात्र काही घेणंदेणं नसतं. रंग झाला की रिसाइझ. त्यात ‘मोठा असेल तरच लहान कर’ ही खूण द्यायची, म्हणजे आकड्यापुढे मोठेपणाचं चिन्ह (>). नाहीतर कुणी व्हॉट्सअॅपवरून उचललेला ६०० चा फोटो ताणून २४०० केला जातो आणि पदराचा चिखल होतो. मग हलकं शार्पनिंग. आणि शेवटी चिठ्ठ्याचपाट्या साफ. हे फक्त आकारासाठी नाही. फोनवरच्या फोटोत बहुतेक वेळा जागेचे अक्षांश-रेखांश असतात, आणि विणकरांच्या घरात काढलेल्या फोटोतून त्यांच्या घराचा पत्ता जगाला द्यायचं काही कारण नाही. क्वालिटी ८० ठेवा. ७५ ला बुट्टीच्या कडेला मला धूळ दिसते, ९० ला फाइल फुगते आणि डोळ्याला फरक कळत नाही.

रिसाइझ कुठल्या पद्धतीने होतोय, हे साडीच्या बाबतीत फार महत्त्वाचं. माझ्या आधी कुणीतरी पीएचपीत (सर्व्हरवर चालणारी भाषा) लिहिलेल्या कोडमध्ये ‘इमेजकॉपीरिसाइझ्ड’ हे फंक्शन होतं. ते ६००० चा ३६० करताना दर सतराव्या पिक्सेलला थांबतं, तो उचलतं, मधले सोडून देतं. खालीही तसंच. म्हणजे २८० पिक्सेलांतला एक ठेवायचा, बाकी फेकायचे. गणपतीच्या फोटोत ते चटकन कळणार नाही. पण नारळी काठ बघा: जरीच्या बारीक आडव्या रेघा, एकीला खेटून एक, त्यावर त्रिकोणांची रांग. सतरा-सतराच्या टप्प्याने रेघा उचलल्या की कधी जर हाती लागते, कधी मधलं रेशीम, आणि काठावरून पाण्यासारख्या लाटा धावताना दिसतात, खऱ्या साडीत नसलेल्या. काकांनी फोन केला, “ताई, ही साडी अशी नाहीये. ही भिजवून वाळत घातल्यासारखी दिसतेय.” उपाय एका शब्दाचा होता, ‘इमेजकॉपीरिसॅम्पल्ड’. ते मधल्या पिक्सेलांची सरासरी काढतं. व्हिप्स आणि इमेजमॅजिक मुळातच नीट करतात, तिथे ही भानगड नाही. कापड, जाळी, विटांची भिंत, छापील मजकुराचं पान असं काही दाखवत असाल तर आपल्या साधनाची परीक्षा त्याच फोटोवर घ्या.

अजून एक, फक्त रंगवेड्यांसाठी. जेपेग उजेड पूर्ण बारकाईने साठवतं, पण रंग सहसा अर्ध्या बारकाईने. लाल रेशमावर सोनेरी जर असली की त्या कडेला रंग ओघळतो. २४०० च्या पदराच्या फोटोला मी हे सबसॅम्पलिंग बंद करते. फाइल वाढते, पण मोठं करून बघणाऱ्याला तेच तर बघायचं असतं. वेबपी हा जेपेगपेक्षा नवा, लहान फाइली देणारा प्रकार; त्याच्या नेहमीच्या रूपात हे बंद करायची सोयच नाही, त्यामुळे बाकी मापं वेबपीत आणि झूमचा फोटो जेपेगमध्ये, अशी आमची वाटणी आहे. एव्हीआयएफ हा त्याहून नवा प्रकार फाइल अजून लहान करतो, पण बनवायला इतका वेळ घेतो की मागेल तसं करायच्या रस्त्यावर त्याचं नावच काढू नका. करायचंच तर रात्री रांग लावून.

आधी करून ठेवण्याची खरी किंमत फाइलींच्या संख्येत मोजावी लागते. ७,००० फोटो, ४ मापं, २८,००० फाइली. जुन्या ब्राउझरसाठी वेबपीसोबत जेपेगही ठेवला की त्याच्या दुपटीजवळ. वर्डप्रेसवर असाल तर हे तुमच्या नकळत चालूच आहे. दुकान तिकडे होतं तेव्हा मी एका फोटोच्या फाइली मोजल्या होत्या: मूळ, २५६० चा ‘स्केल्ड’, मग १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८, वर वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवरचं दुकानाचं प्लगइन) आणखी तीन. एकूण ११. त्यातला ७६८ चा सेटिंगच्या पानावर दिसतही नाही, तो २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून गुपचूप बनतो. शेअर्ड होस्टिंगवर जागा शिल्लक असूनही ‘फाइल लिहिता येत नाही’ असं आलं तर आधी फाइलींच्या संख्येची मर्यादा तपासा. आणि थीम बदलली की जुनी मापं कुचकामी. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-साधनाची ‘मीडिया रीजनरेट’ चालवून सगळं पुन्हा. आमचं एकदा रात्रभर चाललं होतं.

मागेल तसे करायचे असतील तर

रात्रभर चाललेल्या त्या कामाला वैतागूनच मी दुसऱ्या टोकाला गेले. मूळ फोटो तेवढे ठेवले, पत्त्यात रुंदी लिहायची, पीएचपी इमेजमॅजिकला हाक मारणार, फोटो करून तडक पाठवणार. घरी बसून एकटीने तपासलं, छान चाललं. एकटीने तपासलं ही चूक.

लग्नसराई तोंडावर होती. काकांनी रात्री आठला नव्या मालाची लिंक चार-पाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. सव्वाआठला फोन, “ताई, नुसतं गोल गोल फिरतंय.” सर्व्हरवर शिरायलाच मला मिनिटभर लागलं. २ जीबीची मेमरी काठोकाठ भरलेली, आणि जागा करायला लिनक्सने सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारली होती. ती नेमकी डेटाबेसची. फोटोंच्या गर्दीत अख्खं दुकान बंद.

हिशोब नंतर मांडला, आधी मांडायला हवा होता. जेपेग ७ एमबीचा असला तरी उघडला की ६००० गुणिले ४००० गुणिले ३, म्हणजे ७२ एमबी. इमेजमॅजिक प्रत्येक रंगाला १६ बिट किंवा जास्त देतं, म्हणजे त्याच्या दुपटीच्या वर. असे आठ-दहा फोटो एकाच वेळी उघडले की २ जीबी संपले. आणि ४० जणांनी तेच पान उघडलं तर २४ फोटोंची ९६० कामं, म्हणजे एकच पोळी ४० वेळा लाटायची.

म्हणून मागेल तसं करायचं तर पहिला नियम: एकदा केलेला फोटो साठवा. एनजिनएक्सला, म्हणजे पानं आणि फाइली देणाऱ्या वेब सर्व्हरच्या प्रोग्रॅमला, सांगायचं की आधी तयार प्रतींच्या फोल्डरमध्ये बघ, असेल तर तोच दे, नसेल तरच रिसाइझ करणाऱ्याकडे जा. हे काम ‘ट्राय-फाइल्स’च्या एका ओळीत होतं. रिसाइझ करणारा फोटो करून त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवतो. पुढच्या वेळी पीएचपी उठतच नाही.

पण पहिला फोटो तयार होईपर्यंत उरलेले ३९ जण दारात उभे असतातच, आणि फाइल अजून नसल्याने प्रत्येकासाठी काम नव्याने सुरू होतं. म्हणून कुलूप: फोटोच्या नावाने लॉक घ्यायचं, ज्याला मिळालं तो करणार, बाकीचे थांबणार आणि मग तयार फाइल घेणार. प्रॉक्सी कॅश (मागच्या प्रोग्रॅमची उत्तरं साठवून ठेवायची सोय) वापरत असाल तर एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ आहे, पण तो मुळात बंद असतो, आठवणीने चालू करा. फाइल लिहिताना तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. थेट खऱ्या नावाने लिहिलं तर अर्धी फाइल कुणाला तरी जाते, वर पदर आणि खाली करडा पट्टा, आणि तो तसाच त्याच्या फोनमध्ये साठून राहतो. एका वेळी किती कामं चालतील त्यालाही मर्यादा घाला. आमच्या दोन कोअरच्या सर्व्हरवर दोन. बाकीचे रांगेत. दोन सेकंद उशीर झालेला चालतो, डेटाबेस मेलेला चालत नाही.

इमेजमॅजिक सोडायचं नसेल तर एक युक्ती आहे. जेपेग ८ बाय ८ च्या चौकटींत साठवलेलं असतं, त्यामुळे उघडतानाच ते अर्धं, पाव किंवा अष्टमांश काढता येतं. फाइलीच्या नावाआधी ‘डिफाइन’ लावून जेपेगचा साइझ सांगायचा, हव्या रुंदीच्या दुप्पट. ७२० हवा असेल तर १४४० सांगा. ६००० चा फोटो १५०० वर उघडतो आणि मेमरी सोळाव्या हिश्शावर येते. नावानंतर लिहिलंत तर काही उपयोग नाही, तोवर फोटो पूर्ण उघडलेला असतो. व्हिप्सथंबनेल हे न सांगता करतं.

आता दार कोणासाठी उघडं आहे ते बघा. पत्त्यात रुंदीचा आकडा आहे म्हटल्यावर कुणीही ३६० चा ३६१ करील, मग ३६२. प्रत्येक आकड्याला नवी फाइल, नवं काम. डिस्क भरायला एक रिकामटेकडा मुलगा पुरे. आमच्याकडे ठरलेल्या चार आकड्यांशिवाय काही मागितलं की सरळ ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. मापं मोकळी ठेवणं भागच असेल तर पत्त्याला सही लावा: गुप्त किल्ली वापरून पत्त्याचा एचमॅक (किल्लीशिवाय बनवता न येणारा सहीचा आकडा) काढायचा, तो पत्त्यातच घालायचा, जुळला तरच काम करायचं.

दुसऱ्या साइटवरचे फोटो आणून लहान करून द्यायची सोय तर ठेवूच नका. वर्डप्रेसच्या असंख्य थीममध्ये टिमथंब नावाची एक पीएचपी फाइल असायची, मागेल तसे थंबनेल करणारी. फ्लिकर, ब्लॉगरसारख्या ठरावीक साइटवरूनच फोटो घ्यायचा असा तिचा नियम होता, पण ती तपासायची एवढंच की नावात ते शब्द कुठेतरी आहेत का. मग कुणीही आपल्या डोमेनच्या नावाआधी ‘ब्लॉगर डॉट कॉम’ जोडायचं आणि फोटोऐवजी पीएचपीचा कोड पाठवायचा. तो साठवला जायचा बाहेरून उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये. २०११ च्या ऑगस्टमध्ये हे उघडकीला आलं आणि ढिगाने साइटी हॅक झाल्या. इमेजमॅजिकमध्येही २०१६ च्या मे महिन्यात तशीच मोठी फट निघाली, फोटो म्हणून चढवलेल्या फाइलीतून सर्व्हरवर कमांड चालवता यायची. म्हणून रिसाइझ करणारा प्रोग्रॅम नेहमी ताजा ठेवा, प्रतींच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करा, आणि फाइल उघडण्याआधी तिच्या डोक्यात लिहिलेली लांबी-रुंदी वाचा. काहीशे केबींची पीएनजी उघडल्यावर ५०,००० बाय ५०,००० निघू शकते. आम्ही ५ कोटी पिक्सेलच्या वरचं काही उघडत नाही.

सगळं स्वतः लिहायचं नसेल तर तयार साधनं आहेत. एनजिनएक्सचं स्वतःचं इमेज फिल्टर मॉड्यूल लहान साइटला पुरतं, पण ते काहीही साठवत नाही, पुढे कॅश तुम्हीच लावायची. शिवाय त्याचा बफर मुळात १ एमबीचा; मूळ फोटो त्याहून मोठा असला की ४१५ ही एरर येते आणि लोक फाइलीचा प्रकार तपासत बसतात. मी दोन संध्याकाळी बसले होते. इमेजप्रॉक्सी हे व्हिप्सवर उभं आहे, एका डॉकर कंटेनरात चालतं, सहीची सोय आहे. पण किल्ली दिली नाहीत तर सही तपासलीच जात नाही. ब्राझीलच्या ग्लोबोमधून आलेलं थंबोर पायथनमध्ये आहे, त्यात ‘अनसेफ’ नावाचा बिनसहीचा रस्ता मुळात उघडा असतो, तो सेटिंगमधून बंद करा. क्लाउडिनरी, इमजिक्स, क्लाउडफ्लेअर यांना पैसे देऊन हे काम बाहेर टाकता येतं. घ्यायला हरकत नाही, फक्त बिल कशावर लागतं, फोटोंवर, बदलांवर की डेटावर, ते घेण्याआधी वाचा. आणि मूळ फोटो तुमच्याचकडे ठेवा.

आम्ही काय ठेवलं

अर्धं-अर्धं. ३६० आणि ७२० फोटो चढवल्या चढवल्या रांगेतून बनतात. पुतण्या फोटो टाकून चहाला जातो, तोवर तयार. ही मापं यादीच्या पानावर लागतात, प्रत्येकजण बघतो, त्यासाठी कुणाला थांबवायचं नाही. १२०० आणि २४०० मागितल्यावर बनतात आणि साठतात. कारण पैठणी हा एक-एक नग असतो. विकली की ती साडी साइटवरून जाते, आणि तिच्या उलट्या बाजूचा झूम तोवर कुणी उघडलेलाही नसतो. अशा हजारो फाइली आधीच कशाला करायच्या? नवी लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी मात्र काका मला सांगतात, आणि मी त्या २४ साड्यांची पानं एका छोट्या स्क्रिप्टने एकदा उघडून घेते, म्हणजे मोठे फोटोही तव्यावरून उतरलेले असतात.

तुमची साइट शाळेची असेल, २०० फोटो आणि वर्षातून दोनदा बदल, तर सगळे आधीच करा, विचारही करू नका. ह्यूगोसारखं स्टॅटिक साधन (सगळी पानं आधीच तयार करून ठेवणारं) असेल तर बिल्ड करतानाच ते प्रती बनवतं. बनवलेल्या प्रतींचं रिसोर्सेसमधलं फोल्डर जपून ठेवा, नाहीतर दर बिल्डला पुन्हा सगळं. बातम्यांची साइट असेल तर मुख्य फोटो आधी, जुन्या बातम्यांचे मागेल तसे. आणि लोक स्वतः फोटो चढवतात, मापं दर महिन्याला बदलतात, असं काही असेल तर मागेल तसे, पण वरची सगळी कुलुपं लावून.

राहिला बदललेल्या फोटोचा प्रश्न, तो दोन्ही रस्त्यांवर येतो. एका पदराचा फोटो अंधारा आला होता, पुतण्याने नवा काढून त्याच नावाने चढवला. माझ्या लॅपटॉपवर नवा, काकांच्या फोनवर जुनाच. मीच ब्राउझरला सांगून ठेवलेलं की ही फाइल ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर, पुन्हा विचारायची नाही. वर्षभराची मुदत चांगलीच आहे, ती कमी करू नका, नाव बदला. आता चढवलेल्या फाइलीतल्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा अक्षरांचा ठसा, काढून त्याची पहिली आठ अक्षरं नावात घालतो. फोटो बदलला की नाव आपोआप बदलतं, पत्ता नवा, जुन्याकडे कुणी जातच नाही.

मग जुन्या प्रती साचतात. त्यासाठी रात्री एक स्क्रिप्ट चालते: ज्यांचा मूळ फोटो उरला नाही त्या प्रती आणि ६० दिवसांत कुणी न मागितलेले २४०० चे फोटो ती पुसते. ‘शेवटचा कधी वाचला’ ही वेळ ती फाइल सिस्टिमकडून घेते. काही सर्व्हरवर डिस्क ‘नोएटाइम’ने जोडलेली असते, तिथे ही वेळ कधी पुढे सरकतच नाही आणि रोज बघितला जाणारा फोटोही साठ दिवसांचा शिळा ठरतो. आमच्याकडे तसंच होतं. सुदैवाने पहिला आठवडाभर मी स्क्रिप्टला फक्त नावं छापायला लावलं होतं, पुसायला नाही, आणि दुसऱ्याच सकाळी यादीत काकांची सगळ्यात जास्त बघितली जाणारी हिरवी बांगडी-मोर दिसली.